पाठीला पाठ लावून

रविवार, ११ जानेवारी

प्रिय खारू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच कपाटावर टाकलं असतंस, म्हणून पत्ता कारखान्यातल्या फोरमनकडून लिहून घेतला. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखं. असो. आता फोडलंच आहेस तर वाच.

तू भात्याचं घर सोडलंस, मी त्याच्याबरोबर वाजवणं सोडलं नाही, म्हणून तू मलाही सोडलंस. तुमचं दोघांचं काय बिनसलं ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. मी तुझा भाऊ आणि त्याचा डबल बास, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणी खाणारा माणूस. पण कागदोपत्री तो अजून तुझा नवरा आहे आणि ही गोष्ट तुझ्या कानावर घालणं मला भाग आहे. भात्याची तब्येत ठीक नाही.

फोन केला असता, पण आमच्याकडची लाइन म्हणजे आनंद आहे. मागे तू केला होतास तेव्हा नुसतं आ, ओ, ऊ येत होतं, शब्दांच्या कडाच गळून पडलेल्या. मी सारखं ‘काय? काय?’ करत राहिलो आणि तू फोन आपटलास. त्यापेक्षा पत्र बरं.

आमचा रविवार अजून तसाच आहे. कारखान्याला सुट्टी असते, करवती आणि रंधा मशीन गप्प असतात, आणि लाकडाच्या गुदामात प्लायवूडच्या थप्प्यांमध्ये आम्ही दोन स्टुलं ठेवतो, पाठीला पाठ लावून, मध्ये हातभर जागा. धून ठरवायची नाही, ताल ठरवायचा नाही, सुरुवात कोणी करायची हेसुद्धा नाही. त्याच्या सॅक्सोफोनने काही म्हटलं की माझ्या बासच्या जाड, खर्जातल्या तारांनी त्याला उत्तर द्यायचं, किंवा द्यायचं नाही. एकमेकांकडे बघायचं नाही, कारण बघितलं की माणूस डोळ्यांनी ऐकायला लागतो. आणि झाल्यावर वाजवण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, ना वाहवा ना तक्रार. हा नियम माझा. बोललं की पुढच्या वेळी माणूस ते बोललेलंच वाजवतो.

संपलं असं ज्याला वाटेल त्याने वळायचं. दोघं एकदम वळलो तर ते खरं संपणं. बहुतेक वेळा आम्ही एकदमच वळायचो आणि खुळ्यासारखे हसायचो, तुझ्यासमोरही कितीदा तरी.

आता तसं होत नाही. गेले काही महिने तो मध्येच बंद पडतो. आधी श्वासभर थांबायचा, तेव्हा मला ते आवडलंसुद्धा. म्हटलं, भाता शहाणा झाला, जागा सोडायला शिकला. पण त्या जागा मोठ्या व्हायला लागल्या. मी तारा अगदी हळू छेडत राहतो, त्याला यायला वाट ठेवतो, आणि पाठीमागून काहीच येत नाही. शेवटी वळतो, तर हा माउथपीस दातात धरून बसलेला, चेहरा लाल, कपाळावर घाम, आणि माझ्याकडे असं बघतो जसं काही मी त्याला चोरी करताना पकडलंय.

ज्याच्या छातीमुळे जग त्याला भाता म्हणतं त्याचा दम पुरत नाही. त्याचे वडील छातीनेच गेले, तुला माहीत आहे. काय करू ते कळव.

तुझा,
दादा


सोमवार, २ फेब्रुवारी

खारू,

तुझं कार्ड मिळालं. ‘माणूस मोठा आहे, डॉक्टरकडे जायला त्याला पाय आहेत.’ वा. एवढंच लिहायला तिकीट कशाला लावलंस, कबुतर पाठवायचं.

पण शेवटी ‘खोकतो का?’ असं बारीक अक्षरात विचारलं आहेस, त्याचं उत्तर देतो. नाही, खोकत नाही. निदान माझ्यासमोर नाही. लपवत असणार.

अजून एक. तो सरळ, बारका सॅक्सोफोन तुला आठवतो ना, ज्याच्या आवाजाला तू सुईत ओवता येईल असा म्हणायचीस? तो त्याने विकला. मला न सांगता. त्याच्या जागी एक राक्षस घेऊन आलाय, गळ्याशी वळसे घेतलेला, मांडीवर मावत नाही असा. मी म्हटलं, “हे काय?” तर म्हणाला, “खर्जात मजा येते रे.” आणि हे म्हणताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता, जसं काही परीक्षेचा निकाल माझ्या कपाळावर लागणार आहे. आता या धुडाला तर दम जास्त लागतो. म्हणजे काय समजायचं? मला वाटतं वरचे सूर लावताना छातीत कळ येत असणार, म्हणून खाली उतरला.

बोलतोही विचित्र. पूर्वी पुटपुटायचा, आता ओरडतो. साधं ‘चहा घेणार का’ हे भांडायला आल्यासारखं विचारतो. दुखणाऱ्या माणसाचा स्वभाव बदलतो म्हणतात.

माझेही ग्रह फिरलेत. परवा मोठ्या करवतीचं बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटला आणि माझ्या डोक्यावरून सणकन जाऊन पत्र्यावर आपटला. दोन बोटं खाली आला असता तर हे पत्र तुला फोरमननेच पूर्ण लिहिलं असतं. वर तोच माझ्यावर तडकला. “सकाळपासून किंचाळतंय ते! बाहेर रस्त्यावर ऐकू येत होतं! तू त्याच्या शेजारी उभा राहून काय करत होतास?” मी म्हटलं, “शेजारी उभा होतो म्हणूनच सांगतो, काही किंचाळत नव्हतं.” त्याने मला मशीनवरून काढून खुर्च्यांना पॉलिश करायला बसवलंय. कुठेतरी पाणी मुरतंय. त्याच्या मेहुण्याला काम हवं होतं, त्याला करवतीवर चिकटवलाय.

एक चांगली बातमी, पण तीच मला जड झाली आहे. नदीपलीकडे एक नवं छोटं सभागृह झालंय. तिथल्या मॅनेजर बाई आमच्या एका रविवारी कोणाबरोबर तरी आल्या होत्या. मार्चच्या शेवटी एक अख्खी संध्याकाळ आम्हाला देतायत. फक्त आम्हा दोघांना. एरवी कधी कोणी आलंच तर आमचे सगळे श्रोते एका बाकावर मावतात.

मला भीती वाटते. अंधारात वाटते तशी नाही, दिवसाढवळ्या, पॉलिशचा बोळा हातात असताना. मी लग्न केलं नाही, मला पोरं नाहीत, चार माणसांत बोलायला मी पहिल्यापासून बोथट. जे काही बोललो ते त्या गुदामात, त्या माणसाशी, त्याच्याकडे पाठ करून. पाठीमागून येणारा तो आवाज बंद झाला तर माझं काय उरतं?

दादा


सोमवार, २३ फेब्रुवारी

खारू,

नेलं त्याला डॉक्टरकडे. पटकन हो म्हणाला, हेच मला आधी खटकलं. वर म्हणाला, “दोघं जाऊ. दोघंही दाखवून घेऊ.” मी म्हटलं, बाबाला एकट्याने जायची भीती वाटते, चला.

दवाखान्यात तासभर बसलो. ती काउंटरवरची मुलगी नंबर पुकारते ती अशी, की जणू स्वतःशीच गुपित बोलतेय. आमचा नंबर कधी आला कळलंच नाही, भात्याने बाही ओढली तेव्हा उठलो. आजकाल कोणी तोंड उघडून बोलतच नाही. दुकानदार पुटपुटतो, बसचा कंडक्टर पुटपुटतो, सभागृहाच्या त्या बाई तर ओठसुद्धा हलवत नाहीत.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. भात्याने फुंकलं तर तो काटा शेवटपर्यंत जाऊन थडकला. डॉक्टर हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ही छाती विकायची असेल तर मला सांगा.” फोटो स्वच्छ. हृदय घोड्याचं.

मी खुर्चीतून उठून त्याला मिठी मारायचा राहिलो होतो. तेवढ्यात तो डॉक्टरांच्या कानाशी काहीतरी बोलला आणि मला म्हणाला, “आलोच आहोत तर तूही तपासून घे.”

“काय तपासून घे?”

“सगळंच.”

“मला काय धाड भरलीय?”

“काही नसेल तर नसेल. बस ना दोन मिनिटं.”

त्याच्या आवाजात काहीतरी होतं, विनवणीसारखं, आणि मला त्याचा राग आला. तपासायला मी त्याला आणलं होतं. मी चप्पल घालून बाहेर आलो.

घरी येऊन विचार करत बसलो. छाती ठणठणीत आहे. दम भरपूर आहे. मग तो थांबतो का?

याबरोबर गेल्या रविवारचं ध्वनिमुद्रण पाठवतोय. मी ते स्वतः ऐकलं, दोनदा. त्या जागा तशाच आहेत, भल्यामोठ्या, रिकाम्या, आणि त्यांच्या काठाने मी एकटा तारा छेडत फिरतोय. त्याला मी विचारू शकत नाही, नियम माझाच आहे. तू ऐक. तू त्याच्याबरोबर संसार केला आहेस, त्याच्या गप्प बसण्याचे प्रकार तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. हे कुठलं गप्प बसणं आहे ते मला सांग.

दादा

ता. क. चहाची किटली जळली. ही दुसरी. शिटीवाल्या किटल्यांची शिटी हल्ली टिकत नाही, घेऊ नकोस.


सोमवार, १६ मार्च

खारू,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा नाकाला मिरच्या झोंबल्या.

‘दादा, यात तो कुठेही थांबलेला नाही.’ हे तुझं वाक्य. कुठेही थांबलेला नाही! मधल्या भागात म्हणे तो दाराच्या फटीतून वारा यावा तसा नुसता श्वास वाजवतोय, आणि त्यानंतर एक सूर धरतो तो इतका वरचा आणि बारीक की शेजारणीचं कुत्रं उठून उभं राहिलं. म्हणजे आता आमच्या वादनाचं परीक्षण कुत्र्याकडून. आणि मग ते पुढचं. ‘दादा, तू कान दाखवून ये.’

माझे कान? खारू, मी बास लावतो तो कशाने लावतो? नाकाने? चारही तारा मला लख्ख ऐकू येतात. लाकडाच्या पोटातला सूर मला हाडापर्यंत ऐकू येतो. माझे कान गेले असते तर आधी ते गेले असते. दिवसभर शाळेत पोरांचा किलकिलाट ऐकून तुझेच कान किटलेत, म्हणून तुला शांततेत पण वारा ऐकू येतो.

पण खरी गोष्ट तू पत्राच्या शेवटी, अगदी सहज म्हणून लिहिली आहेस. की भात्याचा तुला फोन आला होता. त्याचा. तुला. आणि तुम्ही ‘बराच वेळ बोललात’.

मला आता सगळं दिसायला लागलंय. तो जातोय. तुझ्याकडे येतोय की आणखी कुठे ते तुम्ही ठरवा, पण इथून जातोय. बारका सॅक्स विकला, मध्येच गप्प होतो, माझ्या तोंडाकडे बघतो आणि काहीतरी सांगायला येऊन न सांगताच परत जातो. घर सोडायच्या आधी तू अशीच वागत होतीस. ती शांतता म्हणजे निरोप आहे, हप्त्याहप्त्याने देतोय. आणि मला भ्रम झालाय असं ठरवून तुम्ही दोघं माझी समजूत काढणार.

मिटवा हवं तर तुमचं भांडण. मला आनंदच होईल, असं मी मोठ्या मनाने लिहिलं असतं, पण मन तेवढं मोठं नाही. तुझ्याकडे शाळा आहे, शेजारीण आहे, कुत्रं आहे. माझ्याकडे रविवार आहे.

दादा


रविवार, २९ मार्च

खारू,

दोनच ओळी. उद्या कार्यक्रम.

आज भाता घरी आला होता. दार सोडून खिडकीवर थापा मारत होता, वेड्यासारखा. मी म्हटलं, “बेल काय शोभेला लावलीय?” तो आत येऊन बसला आणि म्हणाला, “उद्या समोरासमोर बसू.”

मला वाटलं चेष्टा करतोय. एवढी वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून बसलो, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा खुर्च्या भरणार त्या दिवशी समोरासमोर? बघून वाजवायचं? मी म्हटलं, “मेलो तरी नाही.”

त्याने मी दिलेला पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला. मग म्हणाला, “मला तुला एक सांगायचंय.”

“वाजवण्याबद्दल?”

“हो. म्हणजे, त्याच्याबद्दलच.”

“मग नियम आहे.”

“नियम गेला खड्ड्यात.”

“परवा सांग. उद्याचं होऊ दे, मग कुठे जायचं तिथे जा.”

तो उठला आणि गेला. ग्लासातलं पाणी तसंच आहे. परवा तो मला काय सांगणार ते मला माहीत आहे आणि मला परवा यायला नको आहे.

माझं स्टूल मॅनेजर बाईंनी नाकारलं. म्हणे करकरतं. मी स्वतः बनवलेलं आहे ते, थोडं करकरलं तर काय झालं? मला तर नाही त्रास झाला कधी. तिथे गादीची स्टुलं आहेत आणि रंगमंचावर जाड गालिचा. पाय टाकलेला समजत नाही.

दादा


सोमवार, ६ एप्रिल

खारू,

भात्याने तुला फोनवर सांगितलं असेल. तरी मी लिहितो, कारण त्याला दिसलं ते वेगळं आणि मला दिसलं ते वेगळं.

सभागृह भरलं होतं. खरोखरच. काही माणसं भिंतीला टेकून उभी होती. आम्ही बसलो, पाठीला पाठ, दिवे मंद झाले. सुरुवात त्याने केली, त्या राक्षसाच्या अगदी तळातून, आणि मी गज लावला. खारू, असं आम्ही कधी वाजवलं नव्हतं. जातोय तर जाताना काही राखून ठेवत नाही, असं मला वाटलं आणि मीही काही राखलं नाही. मधेच मी रडत होतो आणि वाजवत होतो. कोणाला दिसलं असेल तर दिसो.

मग त्याचं वाजवणं चढत गेलं, चढत गेलं आणि थांबलं. मी थोडा वेळ खाली एक सूर धरून बसलो. पाठीमागे शांतता. नेहमीची ती रिकामी नव्हे, चांगली, भरलेली. मला वाटलं, हाच शेवट. यापेक्षा चांगला शेवट होणार नाही. मी सूर विरू दिला, गज उचलला, बासला आडवं ठेवलं, उठलो, पुढे आलो आणि लोकांना वाकून नमस्कार केला.

टाळी पडली नाही.

मी पुन्हा वाकलो. वर बघितलं तर कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं. सगळे माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. एक बाई डोळे मिटून, ओठ किंचित उघडे ठेवून बसली होती. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने कपाळाला आठी घालून ओठांवर बोट ठेवलं आणि मला गप्प केलं. मी नमस्कार करताना बूट घासले असतील नाहीतर घसा खाकरला असेन.

मी वळलो.

भाता वाजवत होता. गाल फुगलेले, मानेची शीर तटतटलेली, बोटं इतक्या वेगाने चाललेली की दिसत नव्हती. मला तो कडेने दिसत होता, डोळे मिटलेले, त्याला काही पत्ता नव्हता. गुदामात माझं स्टूल करकरलं की तो थांबायचा, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. म्हणून प्रत्येक वेळी मला तो नुसता बसलेला दिसायचा. या गालिचावर त्याला मी उठलेलो कळलंच नाही. आणि मी दोन पावलांवर उभा होतो, सॅक्सोफोनचं तोंड जवळजवळ माझ्याकडे होतं, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. काही म्हणजे काही नाही. काचेपलीकडचा माणूस बोलताना दिसावा तसं.

किती वेळ उभा होतो ते विचारू नकोस. बसून पुन्हा वाजवायला हवं होतं, पण कशाला उत्तर देणार? संपलं ते मला लोकांचे हात हलले तेव्हा कळलं. तो हसत वळला. मी रिकाम्या हातांनी उभा आहे हे त्याने बघितलं आणि त्याचं हसणं उतरलं.

तू लिहिलं होतंस. मी कुत्र्यावरून विनोद केला होता.

दादा


शनिवार, २ मे

प्रिय खारू,

तू पाठवलेल्या पत्त्यावर गेलो होतो, कानाच्या डॉक्टरांकडे. एका बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी शहाण्यासारखा बसलो, आवाज यायची वाट बघत. नंतर कळलं की परीक्षा अर्धी होऊन गेली होती.

करवती आणि रंध्याच्या आवाजाने वरचे सूर गेलेत, हळूहळू, मला पत्ता न लागता. ते परत येत नाहीत. उरलेले वरून खाली जात राहतील, सावकाश, की भराभर, ते सांगता येत नाही. बास सगळ्यात शेवटी जाईल. डॉक्टरांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. कानात घालायचं एक यंत्र दिलंय. त्याने फोरमनच्या शिव्या स्वच्छ ऐकू येतात, म्हणजे फायदा नाही असं नाही. बिचाऱ्याच्या मेहुण्यावर मी उगाच घसरलो. पण सॅक्सोफोन त्यातून डब्यात खिळे हलवल्यासारखा येतो. रविवारी मी ते काढून ठेवतो.

भात्याशी बोलणं झालं. कारखान्याच्या मागे, ओंडक्यांवर बसून. मी विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

“गेल्या उन्हाळ्यापासून.”

“आणि बोलला नाहीस.”

“वाजवण्याबद्दल बोलायचं नाही म्हणालास.”

“हे वाजवणं आहे? हे माझे कान आहेत गाढवा!”

“मला वाटलं,” तो म्हणाला, “मी खाली आलो तर भागेल. खर्जात वाजवलं की तू लगेच उत्तर द्यायचास. वर गेलो की हरवायचास. म्हणून मग मोठा घेतला. पण कधी कधी राहवायचं नाही, वर जायचो. तेव्हा तू मागे एकटाच काहीतरी छेडत बसायचास, इतकं हळू. मला थांबताही यायचं नाही.”

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याला ओंडक्यावरून ढकलून द्यावंसंही वाटलं. म्हाताऱ्याबरोबर चालताना आपण पावलं आखडतो तसं तो माझ्याबरोबर वाजवत होता, आणि मी त्याच्यावर निघून जायचा आळ घेत होतो. मी त्याला नको नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग मी त्याला सांगितलं, यापुढे माझ्यासाठी खाली यायचं नाही. जिथे जायचंय तिथे जा. मला ऐकू आलं नाही तर नाही आलं. तो म्हणाला, मग ते दोघांचं कसं राहील? मी म्हटलं, रविवारी ये.

बारका सॅक्स त्याने पुन्हा मागून आणलाय. आता दोन्ही वाजवतो. शेवट कळायला आम्ही नवी खूण ठरवली आहे. त्याचं संपलं की तो मागून माझ्या खांद्यावर हात ठेवतो. मी आपणहून वळायचं नाही.

गेल्या रविवारी मी माझं संपवलं, गज मांडीवर ठेवला आणि हाताची वाट बघत बसलो. हात आला नाही. गुदामात भुशाचा वास होता, वरच्या खिडकीतून ऊन आलं होतं, एवढंच होतं. वळून त्याची बोटं बघितली असती तर निदान तो आहे हे कळलं असतं. नाही वळलो. एकदा वाटलं, तो केव्हाच उठून गेलाय आणि मी रिकाम्या खोलीला पाठ दाखवून बसलोय. इतकी भीती मला तो पट्टा डोक्यावरून गेला तेव्हाही वाटली नव्हती.

मग हात आला, आणि घट्ट धरून राहिला. मी वळलो. भाता रडत होता. आता बोलायला बंदी नाही, म्हणून मी विचारलं, “काय वाजवलंस?” त्याने मान हलवली. म्हणाला, “चांगलं होतं रे. तू असतास तर...” आणि मग मी समोरच बसलोय हे त्याच्या लक्षात आलं.

येऊ का म्हणून तू विचारलं आहेस. ये. माझी काळजी घ्यायला नको, तुमचं मिटवायलाही नको. तो माणूस आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवतोय आणि त्या खोलीत ते ऐकणारं कोणी नाही.

दादा